पंढरीची वाट आणि आपण



आपल्या या वार्षिक व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक बोलले, कवी बोलले, एखाददुसरे न्यायाधीशही बोलले. होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावण्याचं धाडस मंडळाने यंदा केलं आहे. त्यात मी जैन, आणि विषय घेतला पंढरीची वारी. कार्यवाहांना मी विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही वारी केली आहे का?" मी म्हटलं, "चार दिवस." ते म्हणाले, "मग तासभर काय बोलणार?" त्यांची शंका रास्त होती. पण मी वारी किती चाललो हे सांगायला मी उभा नाही. माझ्यामुळे एका बाईंची वारी चुकली, ते सांगायला उभा आहे. ती गोष्ट सांगण्याआधी थोडं वाटेविषयी आणि थोडं आपल्याविषयी बोलतो. (भाषण छापताना, त्या दिवशी वेळेअभावी राहून गेलेलं थोडं त्यात घातलं आहे, ते वाचकांनी गोड मानून घ्यावं.)

माझा दवाखाना आबिड्सला, जनरल पोस्टाच्या मागच्या गल्लीत. आबिड्स हे नाव सहाव्या निजामांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून पडलं, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. दर रविवारी दुकानं बंद असतात आणि फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. काही वर्षांपूर्वी तिथे मला दि. बा. मोकाशी यांचं 'पालखी' मिळालं, १९६४ सालचं पुस्तक. मोकाशींचा पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय होता. त्या माणसाने पालखीबरोबर चालून जे पाहिलं ते काही न लपवता लिहिलं. माझ्या हाती आलेल्या प्रतीवर पहिल्या पानावर शाईने एक नाव होतं. ते मी इथे घेत नाही, कारण ते घर आपल्यातलंच आहे आणि बहुधा आत्ता सभागृहात बसलेलंही आहे. त्यांना माझा दोष द्यायचा नाही. मुलं बंगळुरूला किंवा अमेरिकेला गेली, घर लहान झालं, कपाट रिकामं करावं लागलं. माझ्याही घरची कपाटं तशीच रिकामी झाली. पण घरातून पुस्तक गेलं की त्याबरोबर आणखी काय जातं, हा प्रश्न मला त्या रविवारपासून पडला आहे.

आता वाट. वारी म्हटलं की आपल्यासमोर टीव्हीवरचं चित्र येतं. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी, दिवेघाटात वर चढणारी पांढऱ्या टोप्यांची रांग, पुढे नीरेत पादुकांना स्नान, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, वाखरीला सगळ्या पालख्यांची भेट. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. सुमारे अडीचशे किलोमीटर चालून दोन्ही आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचतात. तुकाराममहाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. आळंदीच्या पालखीला आज जी शिस्त आहे, दिंड्यांचा क्रम, रथापुढच्या किती नि रथामागच्या किती, कोणी कुठे थांबायचं, ती हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास लावून दिली. बाबा शिंद्यांच्या फौजेतले सरदार. फौज हलवणाऱ्या माणसाने भक्तांना चालायची रीत लावून दिली, म्हणून आज लाखो माणसं एकमेकांच्या पायात न येता चालतात. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडेही त्याच काळापासून या सोहळ्यात आहेत, आणि अंकली आज कर्नाटकात आहे हे लक्षात ठेवा.

पण पंढरीला एकच वाट जात नाही. पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी येते, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, खानदेशातून मुक्ताबाईंची. शेगावहून गजाननमहाराजांची पालखी तर महिनाभर चालते. आणि जिला रथ नाही, घोडा नाही, टीव्हीचा कॅमेरा नाही, अशी आपल्या मराठवाड्यातल्या गावागावांतून निघणारी पंधरा-वीस माणसांची दिंडी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून वारी झाली असेल, तर ती या दिंडीतून झाली आहे.

जरा आठवा. जनाबाई गंगाखेडची. गोरोबाकाका तेरचे. नाथमहाराज पैठणचे. ज्ञानदेवांचं घराणं आपेगावचं. नामदेवांचं नाव नर्सीशी जोडलेलं. ही सगळी गावं १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. पंढरपूर मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. आमचे आजोबा सांगत, "मोगलाईतून निघायचं आणि इंग्रजीत पोचायचं." संत एका राज्यात आणि देव दुसऱ्या राज्यात. वारकऱ्याला मधली सरहद्द कधी अडली नाही. पुढे १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण इथे राहिलो. कुणाची नोकरी इथे, कुणाचं दुकान इथे, कुणाची मुलं विवेकवर्धिनीत शिकत होती. गाव सरहद्दीच्या पलीकडे गेलं. पण गावच्या दिंडीत चालणारे आपल्यातले काही जण पुढेही अनेक वर्षं गौळीगुड्याहून बस धरून गावी जात, तिथून दिंडीबरोबर निघत आणि द्वादशीला पारणं सोडून परतत.

माझ्या स्वतःच्या घराचं सांगतो. आम्ही सैतवाळ जैन, मूळ लातूर भागातले. विठ्ठल आमच्या देव्हाऱ्यात नाही. पण आमच्या गावच्या वाड्यात दरवर्षी एका दिंडीचा मुक्काम असे. सूर्यास्तानंतर आमच्या घरी जेवत नाहीत, चूल पेटत नाही. वारकऱ्यांचा तर हरिपाठ संध्याकाळचा, आणि जेवण त्यानंतर. मग माझ्या आजीने आणि त्या दिंडीच्या महाराजांनी तोड काढली. दिंडीने त्या दिवशी चाल थोडी आधी आटपायची, जेवण उन्हं असतानाच व्हायचं, आणि मग रात्री भजन हवं तितकं चालू दे. पुढे ती रीतच पडली. विठ्ठल हा मूळचा आमचा नेमिनाथ, असं म्हणणारे आमच्यात आहेत. बौद्धांचा म्हणणारेही आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या सगळ्या दाव्यांचा विचार केला आहे. माझी आजी यावर एवढंच म्हणे की, देव कुणाचा का असेना, पाहुणे आपले आहेत.

जैनाला पायी चालण्याचं महत्त्व निराळं सांगावं लागत नाही. आमचे मुनी आयुष्यभर अनवाणी विहार करतात. चातुर्मास लागला की मात्र एका गावी थांबतात, कारण पावसात जमिनीवर जीवजंतू वाढतात आणि पायाखाली हिंसा होते. वारकरी आषाढी एकादशीला पोचतात आणि तीनच दिवसांनी, चतुर्दशीच्या सुमारास, आमचे मुनी थांबतात. दोन्हीकडे चालणं आहे आणि चालण्याला काळ-वेळेची मर्यादाही आहे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी जी चूक केली ती केलीच.

२००८ सालची गोष्ट. वैशाख महिना. दवाखान्यात एक बाई आल्या, वय एकाहत्तर. नाव सांगत नाही, आपण त्यांना मावशी म्हणू, मी तेच म्हणत असे. सासरे निजामाच्या महसूल खात्यात होते, तेव्हापासून घर हैदराबादेत. माहेर उदगीरकडचं. यजमान गेल्यावर त्यांनी माहेरच्या दिंडीतून वारी धरली, त्याला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. दोन्ही गुडघे सुजलेले. एक्स-रे सोबत आणला होता. झीज स्पष्ट दिसत होती. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, लई काही नको. पंधरा दिवस पाय चालतील असं द्या बघा. पुढचं पुढं."

मी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि त्यांना तो समजावून सांगितला. मग म्हटलं, "मावशी, वारी बंद." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. मी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, लांब चालणे पूर्ण बंद. मुलगा बरोबर होता. त्याने माझे आभार मानले. म्हणाला, "आम्ही सांगून थकलो होतो, तुमचं ऐकेल." मावशींनी ऐकलं. शिकलेल्या माणसाचा शब्द मोडायचा नाही, अशा वळणाच्या त्या होत्या.

त्या आषाढीला त्या घरी राहिल्या. कार्तिकात एकदा दाखवायला आल्या तेव्हा सूज कमी होती. मी मनात खूश झालो. पण जिना चढताना त्यांना मुलाने दोन ठिकाणी बसवलं होतं, ते मी नीट पाहिलं नाही. दरवर्षी चैत्रापासून वारीची तयारी म्हणून त्या रोज सकाळी निजाम कॉलेजच्या बाजूने फेरी मारत. ती फेरी बंद झाली होती. वारीच नाही, तर फेरी कशाला? वर्षभरात त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. गुडघे मी वाचवले, चालणं मात्र माझ्याच सल्ल्याने गेलं. २०११ च्या हिवाळ्यात त्या गेल्या. वारी बंद झाल्याने गेल्या असं मी म्हणत नाही, डॉक्टरने असं बोलूही नये. वय होतं, इतर आजार होते.

दिवस झाल्यावर त्यांच्या सूनबाई एक पाकीट घेऊन आल्या. म्हणाल्या, "सासूबाईंच्या हरिपाठाच्या पोथीत तुमची चिठ्ठी सापडली. मागे काहीतरी लिहिलंय, म्हणून आणली." मी लिहिलेलीच चिठ्ठी होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावशींनी पेन्सिलीने तिथी आणि गावं लिहिली होती, एकाखाली एक. अमावास्या, लातूर. प्रतिपदा, मुरूड. तृतीया, येडशी. पंचमी, बार्शी. सप्तमी, कुर्डुवाडी. दशमी, पंढरपूर. आपली दिंडी आज कुठे पोचली असेल, त्याचा तो हिशेब होता. दशमीच्या ओळीपुढे बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं, "मी आबिड्सला."

आपल्याला दामाजीपंतांची कथा माहीत आहे. दुष्काळात बादशहाच्या कोठारातलं धान्य त्यांनी लोकांना वाटलं. मंगळवेढ्याहून त्यांना बेदरला बोलावणं आलं. त्याआधीच विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन बेदरच्या दरबारी गेला, पैसे भरले आणि पावती दामाजीपंतांच्या पोथीत ठेवली. लहानपणी मला या गोष्टीत एवढंच आवडे की, देव पंढरपुराहून आमच्या बाजूला चालत आला. बेदर आपल्यापासून तीन-चार तासांवर, आणि मावशींची उदगीरची बस बेदरवरूनच जात असे. पण ती चिठ्ठी हातात आल्यावर मला वाटलं, देवाच्या पावतीने दामाजीपंत सुटले, आणि माझ्या चिठ्ठीने या बाई अडकल्या.

पुढची काही वर्षं मी ती चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवली. २०१६ साली मुलाच्या हाती दवाखाना देऊन मी मावशींच्याच दिंडीत गेलो. लातूरहून बार्शीपर्यंत, चार दिवस. मी डॉक्टर आहे म्हटल्यावर दिंडीच्या महाराजांनी मला औषधांची पेटी सांभाळायला दिली. आता तुमच्यापुढे खरं बोलतो. त्या चार दिवसांत माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांपेक्षा मीठ-साखरेचं पाणी, स्वच्छ कापूस आणि पट्ट्या यांचाच जास्त उपयोग झाला. पंढरीच्या वाटेवर पूर्वी पटकीने माणसं मरत, इंग्रज सरकार त्या यात्रेला भीत असे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे रोगी वाचवून दाखवले. माझ्या पेटीतली ती पाकिटं म्हणजे त्याच पाण्याची पूड.

पण औषधांपेक्षा मोठी गोष्ट मी दुसऱ्याच दिवशी शिकलो. मुरूडच्या पुढे एक बाई माझ्या बाजूने चालत होत्या. गुडघे मावशींच्या गुडघ्यांहून वाईट. चाल पाहूनच मला कळलं. मी विचारलं, "मावशी, पंढरपूरपर्यंत अशाच चालणार?" त्या म्हणाल्या, "नाही रे माउली. पहाटेचा टप्पा चालते. ऊन झालं की सामानाच्या टेम्पोत बसते. संध्याकाळी गाव जवळ आलं की उतरते, गावात पायी शिरते. सात वर्षं असंच चाललंय." मी विचारलं, "मग याला वारी म्हणायची का?" त्या म्हणाल्या, "महाराजांनीच लावून दिलंय."

मी महाराजांकडे गेलो. त्यांनी सगळं सांगितलं. दिंडीची चाल वीणेकरी धरतो, आणि वीणेकऱ्याने मागच्या माणसावर नजर ठेवायची. म्हातारी माणसं टाळकऱ्यांच्या मागे, पण सगळ्यात मागे नाही. त्यांच्याही मागे दोन तरणी पोरं. दर तासाला विसावा. ज्याला मधुमेह आहे त्याने रात्री पाय दुसऱ्याला दाखवायचे, कारण तळपायाची संवेदना गेली की फोड आलेला स्वतःला कळत नाही. नव्या वहाणा घालून कुणी निघायचं नाही. पायाला फोड आला तर वरची कातडी काढायची नाही. एकादशीला उपास कुणी कसा करायचा, हेही ज्याच्या त्याच्या तब्येतीवर. शंभर वर्षं माणसं चालवताना या लोकांनी हे सगळं शिकून घेतलं होतं. मी शिकलो त्या कॉलेजात यातलं काहीही नव्हतं.

माझी चूक मला त्या रस्त्यावर उमगली. चालू नका, एवढंच मी सांगितलं होतं. पण पंधरा दिवस सगळं चालणं आणि अजिबात न चालणं, या दोन टोकांमध्ये वीस उत्तरं होती, आणि ती सगळी त्या दिंडीला माहीत होती. पाच दिवस चालता आलं असतं. फक्त पहाटे चालता आलं असतं. वाखरीपासून शेवटचा टप्पा तरी चालता आला असता. मला फक्त विचारायचं होतं, "मावशी, तुमची दिंडी कोणती? तिथे टेम्पो आहे का?" मी एक्स-रे पाहिला, दिंडीची चौकशी केली नाही. झिजलेल्या गुडघ्याला बेताने चालणं चांगलं असतं, बसून राहणं वाईट, हे वैद्यकशास्त्रही सांगतं. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. पण "लांब चालणे पूर्ण बंद" असं लिहून द्यायला अर्धं मिनिट लागतं, आणि बाहेर बाकावर रोगी बसलेले होते.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, डॉक्टर भोळे झाले, वारीचे गोडवे गायला लागले. तसं नाही. वारीत सगळं गोड नव्हतं आणि नाही. चोखोबांना हयातीत देवळात जाता आलं नाही, त्यांची समाधी नामदेव पायरीसमोर बाहेर आहे. त्यांच्यामागून सहाशे वर्षं त्यांची माणसं चालत आली आणि दारात थांबली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या आपल्या लेखात वाटेवर एकत्र चालणारी माणसं जेवायला जातीजातीने वेगळी बसतात, याचं दुःख लिहून ठेवलं आहे. ज्या वाटेवर मी "माउली, माउली" ऐकलं, त्याच वाटेवर हेही घडलं आहे. आपण वारीचं नाव घ्यायचं तर हेही सोबत घेतलं पाहिजे.

त्याच लेखात इरावतीबाईंनी महाराष्ट्राची ओळख नकाशावरून न करता पंढरीला जाणाऱ्या माणसांवरून केली. आपल्याला, हैदराबादेत तीन-चार पिढ्या राहिलेल्या माणसांना, ही ओळख फार जवळची वाटायला हवी. नकाशाने आपल्याला बाहेर ठेवलं आहे, पण या व्याख्येने आत घेतलं आहे. मात्र एक अट आहे. जाणारा माणूस घरात हवा, निदान गेलेल्या माणसाची आठवण तरी घरात हवी.

आणि विठ्ठल काही फक्त मराठीचा नाही. माझ्याकडे येणारे तेलुगू रोगी पांडुरंगाला आपला मानतात. तेनाली रामकृष्णांचं 'पांडुरंग माहात्म्यमु' हे तेलुगूतलं थोर काव्य. त्या नावाचा एन. टी. रामाराव यांचा १९५७ सालचा चित्रपट आजही घरोघरी पाहिला जातो. पुरंदरदासांच्या कानडी पदांत शेवटी पुरंदर विठ्ठल येतोच. मावशींच्या शेजारच्या तेलुगू अम्मा त्यांना दरवर्षी अकरा रुपये देत, "पांडुरंगाला माझ्या नावाने घाला" म्हणून. तेव्हा वारीबद्दल बोलणं म्हणजे शेजाऱ्यांपासून दूर होणं, असं कुणी समजू नये.

२०२० साली काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. करोनाची पहिली लाट होती. पालख्या निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका दशमीला एसटीच्या गाडीतून पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैची आषाढी गर्दीविना झाली. वारकरी आपापल्या घरी बसून आज पालखी अमुक ठिकाणी असती, उद्या तमुक ठिकाणी असती, असं मोजत राहिले. टीव्हीवर एक म्हातारे गृहस्थ बोटांवर मुक्काम मोजताना दिसले आणि मी उठून खणातली चिठ्ठी काढली. एका वर्षापुरतं का होईना, सगळा महाराष्ट्र माझ्या मावशींसारखा घरी बसला होता. पण त्या सगळ्यांना रोगाने थांबवलं होतं, आणि पुढे वाट उघडली तेव्हा ते पुन्हा निघाले. मावशींना मी थांबवलं होतं, आणि त्यांची वाट परत उघडली नाही.

मी आपल्याकडे दोन गोष्टी मागतो आणि थांबतो.

पहिली, आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा: आपल्या घरात वारी होती का? कोण जात असे, आषाढीला की कार्तिकीला? कोणत्या गावाहून, कुणाच्या दिंडीत? पायी, की लातूर-बार्शी-कुर्डुवाडीवरून पंढरपूरला जाणाऱ्या त्या लहान गाडीने? बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली पंढरपूरला आणि १९११ साली लातूरला पोचली. आपल्यापैकी कितीतरी आज्या त्या गाडीतून डोक्यावर वळकटी घेऊन उतरल्या असतील. मुक्कामाची गावं विचारा आणि लिहून ठेवा. वहीत लिहा, कॅलेंडरच्या मागे लिहा, हवं तर डॉक्टरच्या चिठ्ठीमागे लिहा. मंडळाने अशी टिपणं गोळा करून पुढच्या वर्षीच्या अंकात छापावीत, अशी माझी विनंती आहे. वारी न मानणाऱ्या घरांनीही लिहावं. आमच्यासारख्या घरांनी दिंडी उतरवून घेतली, जेवू घातली, तेही त्या वाटेचाच भाग आहे.

दुसरी विनंती, घरातलं कुणी वय झालेलं माणूस "मला अजून एकदा जायचंय" म्हणालं, तर लगेच नाही म्हणू नका. मग ते पंढरपूर असो, सम्मेदशिखर असो, अजमेर असो की नुसतं जुन्या गावचं घर असो. आमच्यासारख्या डॉक्टरकडे आणून "तुम्हीच सांगा यांना" असं तर अजिबात म्हणू नका. आम्ही सांगतो, आणि आमचं ऐकलंही जातं. त्याऐवजी विचारा: किती जमेल, कुणाबरोबर, कोणत्या वेळी, आणि थकल्यावर बसायची सोय काय? कधी कधी उत्तर नाही असंच येईल. हृदय फार दुबळं असेल, पायाला जखम असेल, तर मीही नाहीच म्हणेन. पण ते सगळं विचारून झाल्यावर म्हणेन.

दवाखाना अजून तिथेच आहे, पोस्टाच्या मागे. चैत्र-वैशाखात कुणाला गुडघे दाखवायचे असतील तर या. एक्स-रे आणला नाहीत तरी चालेल. मी आधी विचारीन, दिंडी कोणती आणि टेम्पो आहे का.